ट्रीटेड सिलिका घेतली, तरी एम-३०० (३०० टक्के ताणायला लागणारा जोर) खाली आणि झीज जास्त. असे का?

मिलरोल

फोर्कलिफ्टच्या नॉन-मार्किंग सॉलिड टायरचे ट्रेड (जमिनीला लागणारा थर) कंपाऊंड आहे. गोदामाच्या फरशीवर काळा पट्टा उमटता कामा नये, म्हणून कार्बन ब्लॅक अजिबात नाही. सगळी भिस्त सिलिकावर. पीएचआरमध्ये (१०० भाग रबरामागे वजनाचे भाग) कृती अशी:

नॅचरल रबर ७०, बीआर (ब्युटाडाइन रबर) ३०, प्रेसिपिटेटेड सिलिका (बीईटी, म्हणजे नायट्रोजनने मोजलेले क्षेत्रफळ, १७५) ५०, नॅप्थेनिक तेल ६, झिंक ऑक्साइड ४, स्टिअरिक ॲसिड २, पीईजी-४००० (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) २, स्टायरिनेटेड फिनॉल १.५, वॅक्स १, टायटॅनियम डायऑक्साइड ५. फायनलला (शेवटच्या मिसळीला) गंधक १.८ आणि ॲक्सिलरेटर (क्युअर जलद करणारी रसायने) टीबीबीएस १.५, डीपीजी ०.८.

साधी सिलिका काढून तिच्या जागी वजनाला वजन 'सरफेस ट्रीटेड' सिलिका घातली. बाकी काही हलवले नाही. मास्टरबॅच (गंधक घालण्याआधीची मिसळ) नीडरमध्ये (बंद मिक्सरमध्ये), १२५ अंशांना खाली काढली, फायनल मिलवर (दोन रोलांवर).

मूनी (कच्च्या कंपाऊंडाचा घट्टपणा) चांगलाच उतरला, शीट गुळगुळीत येते, क्युअरही (गंधकाने रबर पक्के होणे) जलद झाला. इथवर उत्तम. पण हार्डनेस ५-६ शोअरने पडला, एम-३०० वाढायचा सोडून घटला आणि डिन ॲब्रेजन चाचणीत झीज आधीपेक्षा जास्त आली. कापलेला पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली मात्र आधीपेक्षा स्वच्छ दिसतो. डिस्पर्शन (कणांचे विखुरणे) सुधारले तर ताकद वाढायला हवी ना? पुरवठादाराच्या कागदावर 'ऑर्गॅनोसिलेन ट्रीटेड, हायड्रोफोबिक' एवढेच लिहिले आहे.

सिलॅनॉल

उत्तर त्या 'हायड्रोफोबिक' शब्दातच आहे. सिलिकाचा पृष्ठभाग झाकणे हे एक काम आणि तो रबराला जोडणे हे दुसरे. तुमच्या मालाने पहिले केले, दुसरे केलेच नाही.

सिलिकाच्या कणांवर सिलॅनॉल म्हणजे हायड्रॉक्सिल गट दाटीने असतात. ते एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरतात, रबरासारख्या अध्रुवीय पदार्थात कण एकत्र येऊन जाळे करतात आणि ॲक्सिलरेटरही शोषून घेतात. ऑक्टाइल किंवा हेक्साडेसाइल जातीचे सिलेन (सिलिकाला चिकटणारे सिलिकॉनचे रसायन) लावले की अल्कॉक्सी टोक सिलिकाला चिकटते आणि बाहेर एक मेणासारखी शेपटी उरते. ती रबरात सहज मिसळते, पण व्हल्कनायझेशनच्या (क्युअरच्या) वेळी तिला धरायला काही नसते. जाळे मोडले म्हणून मूनी आणि हार्डनेस उतरला. ॲक्सिलरेटर सुटा राहिला म्हणून क्युअर जलद. रबर ताणले की ते कणावरून घसरते, म्हणून एम-३०० पडला आणि झीज वाढली. सगळी लक्षणे एकाच दिशेने बोट दाखवतात.

जोडणारे सिलेन म्हणजे टीईएसपीटी. त्यात दोन्ही टोकांना ट्रायएथॉक्सी गट आणि मध्ये सरासरी पावणेचार अणूंची गंधकाची साखळी असते. एथॉक्सी टोके मिक्सरमध्ये सिलिकाला जोडली जातात. गंधकाची साखळी प्रेसमध्ये तुटून रबराच्या दुहेरी बंधापाशी बसते. हे दुसरे पाऊल पडल्याशिवाय त्याला कपलिंग म्हणता येत नाही.

ताणरेषा

सहमत. एक जोड देतो. हार्डनेस सोडा आणि टेन्साइलचा (ताणून तोडायच्या चाचणीचा) पूर्ण आलेख समोर ठेवा.

साध्या सिलिकाचा आलेख सुरुवातीला उभा चढतो, कारण छोट्या ताणाला फिलरचे (भरणद्रव्याचे, इथे सिलिकाचे) जाळे शाबूत असते. मग ते मोडते आणि रेषा आडवी होते. एम-१०० ते एम-३०० यांच्यात फारशी चढण नसते. नुसत्या झाकलेल्या सिलिकात सुरुवातीचा उभा भाग जातो आणि आडवा भाग आणखी लांबतो, म्हणून एलाँगेशन (तुटेपर्यंतची लांबण) भरपूर दिसते आणि टेन्साइलही कधीकधी बरे येते. इथेच पुष्कळजण फसतात. कपल झालेल्या कंपाऊंडाचा आलेख सुरुवातीला जरा मऊ असतो आणि १०० टक्क्यांच्या पुढे वर वळतो.

एम-३०० भागिले एम-१०० काढा. कपलिंग नसेल तर हा आकडा दोन-अडीचच्या आसपास घुटमळतो. नीट जोडलेल्या कंपाऊंडात चारच्या वर जाऊ शकतो. कृतीनुसार बदलतो, त्यामुळे दुसऱ्याच्या कंपाऊंडाशी ताडून बघू नका, आपल्याच तीन बॅचेस शेजारी ठेवा: साधी, ऑक्टाइलवाली, टीईएसपीटीवाली.

आरपीए (कंपाऊंड मागेपुढे पिळून कडकपणा मोजणारे यंत्र) उपलब्ध असेल तर कच्च्या कंपाऊंडाचा १०० अंशांवर स्ट्रेन स्वीप घ्या. कमी ताणाचा जी-प्राइम (कडकपणा) आणि जास्त ताणाचा जी-प्राइम यांतला फरक म्हणजे पेन इफेक्ट. तो ऑक्टाइलमध्येही उतरतो आणि टीईएसपीटीमध्येही. पेन उतरला म्हणून कपलिंग झाले असा निष्कर्ष काढणे साफ चूक.

मिलरोल

मग आलेला माल कोणत्या जातीचा आहे हे पुरवठादाराला न विचारता कळू शकते का? पाण्यावर टाकला तर तरंगतो.

सिलॅनॉल

पाण्यावर तरंगण्याने फक्त झाकलेला आहे एवढे कळते. स्टिअरिक लावलेला कॅल्शियम कार्बोनेटही तरंगतो.

बाहेरच्या प्रयोगशाळेतून गंधकाचे प्रमाण काढून घ्या. टीईएसपीटीत वजनाने सुमारे २२ टक्के गंधक असते. १०० भाग सिलिकावर ८ भाग लावले असतील, तर मालात पावणेदोन टक्क्यांच्या आसपास गंधक यायला हवे. ऑक्टाइलमध्ये गंधक नसतेच. प्रेसिपिटेटेड सिलिकात सोडियम सल्फेट उरलेले असते, त्यामुळे चाचणीत थोडे गंधक साध्या सिलिकातही दिसेल. म्हणून साध्या सिलिकाचा नमुना सोबत द्या आणि दोघांतला फरक बघा.

झिंकपांढरा

कागदावर जातच लिहिली नसेल तर असा माल परत करावा या मताचा मी आहे. ते असो. कृतीतल्या पीईजीबद्दल कोणीच बोलले नाही.

पीईजी-४००० हे जुन्या, सिलेन नसलेल्या कृतीतले औषध आहे. ते सिलॅनॉल गटांवर जाऊन बसते, म्हणजे ॲक्सिलरेटर वाचतो. सिलेनच्या कृतीत तेच पीईजी पहिल्या टप्प्यात घातले, तर सिलेनला हव्या असलेल्या जागा आधीच अडवून ठेवते. टीईएसपीटीवर जाणार असाल तर २ पीएचआर पीईजी काढून टाका. ॲक्सिलरेटरचे शोषण डीपीजी सांभाळेल.

झिंक ऑक्साइडही पहिल्या टप्प्यातून बाहेर. तेही सिलिकाच्या पृष्ठभागासाठी सिलेनशी भांडते. दुसऱ्या टप्प्यात घाला.

मिलरोल

ठीक. टीईएसपीटी किती घालायचे? सगळीकडे 'सिलिकाच्या ८ टक्के' ऐकतो. म्हणजे ५० ला ४ पीएचआर?

ताणरेषा

८ टक्के हा १६०-१७५ बीईटीच्या सिलिकापुरता अंदाज आहे. मात्रा वजनावर नव्हे, क्षेत्रफळावर ठरते. टायर क्षेत्रात हे सूत्र वापरतात (सीटॅब म्हणजे मोठ्या रेणूने मोजलेले, फक्त बाहेरचे क्षेत्रफळ):

टीईएसपीटी (पीएचआर) = ०.०००५३ × सिलिका (पीएचआर) × सीटॅब क्षेत्रफळ
डीपीजी (पीएचआर) = ०.०००१२ × सिलिका (पीएचआर) × सीटॅब क्षेत्रफळ

सीटॅब १६० धरला तर ५० पीएचआरला टीईएसपीटी ४.२४ आणि डीपीजी ०.९६. म्हणजे तुमचे ०.८ थोडे कमीच आहे. हीच सिलिका सीटॅब १०० ची असेल तर टीईएसपीटी २.६५ पुरते, २०० ची असेल तर ५.३ लागते. बीईटी नव्हे, सीटॅब घ्या. बीईटीत नायट्रोजन अगदी बारीक छिद्रांतही शिरतो, तिथे रबर किंवा सिलेन पोहोचत नाही.

सूत्र म्हणजे सुरुवातीचा आकडा. त्याच्या खाली-वर २० टक्क्यांच्या दोन बॅचेस काढून बघणे चांगले.

झिंकपांढरा

आणि एक सापळा. टीईएसपीटी दोन रूपांत मिळते: सुटे द्रव, आणि वाहकावर बसवलेले ५० टक्के. कृतीत द्रवाचे ४.२ लिहिलेले आणि खरेदी विभागाने वाहकावरचे आणले, तर ८.४ घालावे लागते. वजनमापकाने ४.२ च टाकले की मात्रा निम्मी होते. शिवाय सर्वात जास्त खपणारे वाहकरूप एन-३३० कार्बन ब्लॅकवर असते. नॉन-मार्किंग टायर त्याने राखाडी होईल. तुम्हाला द्रव घ्यावे लागेल, नाहीतर सिलिका किंवा वॅक्सवर बसवलेले. सिलिकावरचे घेतलेत तर ती सिलिका ५० मधून वजा करा.

द्रवाचा डबा उघडला की लगेच घट्ट बंद करायचा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत ते ओलावा ओढून आपापसांतच जुळून घट्ट होऊ लागते.

नीडरघर

मात्रा बरोबर असली तरी १२५ अंशांना खाली काढलेल्या बॅचमध्ये सिलेन अर्धेमुर्धेच जोडले जाणार. टीईएसपीटीला १४० च्या वर जावे लागते. आणि १६० ओलांडले की गंधकाची साखळी तुटून रबरातच जोड करू लागते. काम करायची खिडकी १४० ते १५५. नॅचरल रबर असल्याने मी १४५-१५० च्या वर जाणार नाही, कारण रबर स्वतःच तुटते.

क्रम असा ठेवा:

पहिला टप्पा. चेंबर आधी गरम, ६०-७० अंश. रबर एक मिनिट. मग दोन तृतीयांश सिलिका आणि सगळे सिलेन एकत्र. दीड-दोन मिनिटांनी उरलेली सिलिका, तेल, स्टिअरिक ॲसिड, टायटॅनियम. सिलेन आणि तेल एकाच वेळी ओतू नका. चेंबर निसरडे होते आणि रोटर नुसते फिरत राहतात. रॅम (चेंबरचा वरचा दाबठोकळा) उचलून काठावरची पूड झाडून आत. १४० आले की यंत्राला थंडाव्याचे पाणी सोडून १४०-१५० मध्ये तीन मिनिटे धरा आणि या काळात एक-दोनदा रॅम वर घ्या, वाफ बाहेर पडू द्या. शीट काढून थंड करा, आठ तास तरी विश्रांती.

दुसरा टप्पा. तीच शीट परत चेंबरमध्ये, झिंक ऑक्साइड, स्टायरिनेटेड फिनॉल, वॅक्स. पुन्हा १४५ पर्यंत, एक-दोन मिनिटे. हा टप्पा वाचवायची घाई होते, पण उरलेले सिलेन इथेच जोडले जाते.

तिसरा टप्पा. गंधक, टीबीबीएस, डीपीजी मिलवर किंवा चेंबरमध्ये, १०० च्या आत.

तापमान सुरुवातीला १००-११० वर अडून बसेल. सिलिकात ५ ते ७ टक्के पाणी असते. ५० पीएचआरला तीन पीएचआर पाणी झाले. ते उडाल्याशिवाय काटा पुढे सरकत नाही. त्याला वैतागून सिलिका ओव्हनमध्ये कोरडी ठणठणीत करू नका. एथॉक्सी गटांच्या जलविघटनाला तेच पाणी लागते. उलट, उघड्या पोत्यातली पावसाळ्यातली सिलिका १० टक्क्यांवर गेली तर बॅच १४० ला पोहोचतच नाही. रोज सकाळी एक नमुना १०५ अंशांवर दोन तास ठेवून घट मोजा.

काटा १४५ दाखवतो म्हणून कंपाऊंड १४५ ला आहे असे नाही. चेंबरच्या भिंतीतला थर्मोकपल बऱ्याचदा दहा-पंधरा अंश मागे असतो. बॅच खाली पडल्या पडल्या गोळ्याच्या मध्यात सुईचा पायरोमीटर खुपसा आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा. फरक कळला की मग काट्यावर विसंबता येते.

रिओ_१७०

फक्त मिल असलेल्या कारखान्यांनी काय करावे? मिलवर १४० अंश कोणी गाठत नाही.

नीडरघर

मिलवर टीईएसपीटी टाकून सिलॅनायझेशनची (सिलेन सिलिकाला जोडले जाण्याची) अपेक्षा ठेवू नये. त्यांच्यासाठी आधीच टीईएसपीटीशी अभिक्रिया करून आणलेली सिलिका हाच मार्ग. महाग पडते, पण वाया गेलेल्या सिलेनपेक्षा स्वस्त.

रिओ_१७०

डीपीजी पहिल्या टप्प्यात घालावे की फायनलला? अमाइन सिलॅनायझेशनला मदत करते असे म्हणतात.

सिलॅनॉल

करते. थोडे डीपीजी पहिल्या टप्प्यात गेले तर जोडणी वेगाने होते. टायरच्या एसबीआर (स्टायरिन-ब्युटाडाइन रबर) कंपाऊंडात मी अर्धे-अर्धे विभागायला हरकत घेणार नाही.

नीडरघर

मी घेईन, निदान या कृतीत. नॅचरल रबर, टीईएसपीटीचे गंधक, १५० अंश आणि त्यात डीपीजी. थर्मोकपल मागे असलेला नीडर असेल तर मास्टरबॅच मिलवर जाळीदार येईल. बारीक न विरघळणारे दाणे, फाटक्या कडा, शीट आकसते. तो माल सुधारत नाही. शिवाय डीपीजी तापल्यावर ॲनिलिन सोडते, ते १५० अंशांच्या वाफेत कामगाराच्या नाकाशी नको.

सिलॅनॉल

वाफेचा मुद्दा मान्य. तुमच्या यंत्रावर फायनललाच ठेवा.

मिलरोल

गंधक १.८ तसेच ठेवू का?

ताणरेषा

नाही. टीईएसपीटी ४.२ म्हणजे त्यातून सुमारे ०.९५ पीएचआर गंधक येते. सगळे मोकळे होत नाही, पण काही क्रॉसलिंकमध्ये जाते. १.४-१.५ पासून सुरुवात करा आणि एमएच (क्युअरच्या आलेखातला कमाल टॉर्क) बघा.

कोणी डायसल्फाइड सिलेन सुचवील, टीईएसपीडी. त्याची साखळी सरासरी दोनच्या थोडी वर, त्यामुळे तापमानाला ते अधिक सोशिक, १६०-१६५ पर्यंत चालते. पण टीईएसपीटीच्या जागी रेणूला रेणू बसवताना ४.२ चे ३.८ होतात आणि गंधक जवळपास ०.४ पीएचआरने कमी पडते. ते वेगळे घातले नाही तर एम-३०० पडतो आणि सगळे म्हणतात 'डायसल्फाइड कमजोर आहे'.

झिंकपांढरा

मर्कॅप्टो सिलेनचे नाव निघेल म्हणून आधीच लिहितो. जोडते जबरदस्त, पण स्कॉर्च वेळ (क्युअर सुरू होण्याआधीचा अवधी) खाऊन टाकते आणि वास सहन होत नाही. ट्रायमेथॉक्सी रूप असेल तर एथेनॉलऐवजी मिथेनॉल निघते. वायुविजन नसलेल्या खोलीत नकोच.

रबरक्ले

धागा सिलिकाचा आहे, पण क्ले आणि कार्बोनेट वापरणारेही वाचत असतील, म्हणून दोन शब्द.

स्टिअरिक लावलेला कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे तुमच्या ऑक्टाइल सिलिकाचा गरीब चुलतभाऊ. मिसळतो छान, ओलावा कमी घेतो, एलाँगेशन वाढते, मॉड्युलस नाही. त्यावर सिलेन ओतणे म्हणजे पैसे गटारात, कारण सिलेनला धरायला हायड्रॉक्सिल गटच जवळपास नाहीत. कार्बन ब्लॅकचेही तसेच. चायना क्लेला मात्र सिलेन लागते. क्षेत्रफळ कमी असल्याने एक टक्क्याच्या आसपास पुरते.

सिलेन क्युअर पद्धतीशी जुळले पाहिजे. गंधकाच्या क्युअरला पॉलिसल्फाइड किंवा मर्कॅप्टो. पेरॉक्साइडला व्हिनाइल किंवा मेथाक्रिल, म्हणून ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) केबलमध्ये व्हिनाइल सिलेन लावलेली कॅल्साइन्ड क्ले दिसते. तीच क्ले गंधकाच्या कंपाऊंडात घातली तर सिलेन असून नसल्यासारखे. अमिनो सिलेन क्लोरोप्रीन, नायट्राइलमध्ये चालते, पण क्युअर वेगवान करते. स्कॉर्च तपासूनच घ्यावे.

ताणरेषा

कार्बन ब्लॅकबद्दल भर. तो २५०० अंशांच्या वर तापवून ग्राफाइटी केला की पृष्ठभागाची सक्रियता जाते, कणांचा आकार-रचना जवळपास तीच राहते. मग बाउंड रबर (फिलरला धरून राहणारे, न विरघळणारे रबर) आणि एम-३०० कोसळतात, झीज वाढते, पण टेन्साइल त्या मानाने कमी हलते. टेन्साइलवरून पृष्ठभागाचा न्याय करू नये हे सांगायला याहून चांगला पुरावा नाही.

मिलरोल

एक शंका. जोडणी इतकी चांगली तर टीईएसपीटी ६ पीएचआर घातले तर?

झिंकपांढरा

टिअर (फाटण्याला होणारा विरोध) जाईल. सॉलिड टायर धक्क्याच्या काठावर, पॅलेटच्या खिळ्यावर चढतो. त्याला चिरा पडतात, तुकडे उडतात. कण आणि रबर यांच्यात थोडी घसरायची जागा असेल तर फाटीच्या टोकाशी ऊर्जा तिथे खर्च होते. प्रत्येक कण घट्ट बांधला की फाट सरळ धावते. शिवाय जादा सिलेनचे गंधक क्रॉसलिंक वाढवते आणि एलाँगेशन पडते. मला विचाराल तर ट्रेडला सूत्राच्या ८०-९० टक्के ठेवावे, आणि आतल्या थराला, जिथे उष्णता साठते, पूर्ण १०० टक्के. हिस्टेरिसिस (दाबताना-सोडताना उष्णतेत जाणारी ऊर्जा) तिथे जास्त महत्त्वाचा.

रिओ_१७०

जोडणी झाली की नाही हे प्रेसपूर्वीच कळायचा मार्ग?

सिलॅनॉल

बाउंड रबर. गंधक न घातलेल्या मास्टरबॅचचे अर्धा ग्रॅम बारीक तुकडे स्टीलच्या जाळीत, टोल्युइनमध्ये ७२ तास, रोज टोल्युइन बदलून. वाळवा, वजन घ्या, फिलर वजा करा. दुसरा नमुना तसाच, पण अमोनियाच्या वातावरणात. अमोनिया भौतिक चिकटण सोडवते, रासायनिक जोड तसाच राहतो. साध्या सिलिकाचा आकडा अमोनियात धाडकन पडतो. कपल झालेल्याचा बराचसा टिकतो. काम फ्यूम हूडखाली.

रोजच्यासाठी सोपे: मास्टरबॅचचा मूनी त्याच दिवशी आणि तीन दिवसांनी. झपाट्याने चढत असेल तर सिलिका परत गोळा होते आहे, म्हणजे सिलॅनायझेशन अपुरे.

मिलरोल

तीन टप्पे, १४५ अंश, पीईजी बाद, द्रव टीईएसपीटी ४, गंधक १.४, डीपीजी ०.९५ असे लावतो. सॉलिड टायरचा जाड भाग आहे. एथेनॉलमुळे आत पोकळी येईल का?

नीडरघर

येऊ शकते. हिशेब बघा: ४ पीएचआर टीईएसपीटीतून सगळे एथॉक्सी गट सुटले तर २ पीएचआरच्या आसपास एथेनॉल. ४५ किलोच्या बॅचमध्ये साधारण २६ किलो रबर, म्हणजे अर्धा किलो एथेनॉल. सगळे मिक्सरमध्ये निघत नाही. म्हणून रॅम उचलणे, दुसरा टप्पा आणि शीट ढिगात न रचता सुटी टांगणे, या तिन्ही गोष्टी हव्यात. नीडरच्या वर एक्झॉस्ट हवाच, आणि बॅच पडत असताना जवळ वेल्डिंग किंवा ठिणगी नको.

प्रेसमध्ये बंद केल्यावर पहिल्या मिनिटात तीन-चारदा दाब सोडून धरा. क्युअरची वेळ भरली तरी एकदम उघडू नका. मधला भाग कच्चा असताना दाब गेला की पोकळी तिथेच फुगते. पहिला टायर करवतीने आडवा कापून मधला भाग बघा. स्टीलच्या बँडजवळ ओळीने बारीक भोके दिसली तर ती कच्च्या क्युअरची किंवा बाँडिंगच्या सॉल्व्हंटची. मध्यभागी विखुरलेली असतील तर एथेनॉल किंवा पाण्याची.